गाडी न घेता आइसलंड : लांडमान्नालॉयगार ते स्कोगार

निवाऱ्यांचं बुकिंग मिळालं तरच विमानाची तिकिटं काढायची, असं दादाने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. आइसलंडच्या आतल्या उजाड पठारावर चालणाऱ्यांसाठी जे निवारे आहेत, ते तिथली १९२७ साली स्थापन झालेली एक भटकंती संस्था चालवते. प्रत्येक निवाऱ्यात मोजके बंक आणि उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या वर्षी पावसाळा सरताना सुरू होतं आणि जुलैच्या जागा भराभर जातात. त्यामुळे गणपती उठले न उठले तोच आमचं पत्रव्यवहाराचं काम सुरू झालं होतं.

बहुतेक लोक आइसलंडला उतरले की गाडी भाड्याने घेतात आणि बेटाला वळसा घालणारा १,३२२ किलोमीटरचा रिंग रोड आठ-दहा दिवसांत उरकतात. धबधबा, फोटो, गाडी. हिमनदी, फोटो, गाडी. वहिनींचंही आधी तेच म्हणणं होतं. त्यात गैर काही नाही, पण सह्याद्रीत अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने ज्वालामुखीचं बेट गाडीच्या काचेतून पाहायचं हे माझ्या मनाला पटेना. लांडमान्नालॉयगारपासून थोर्समोर्कपर्यंत ५५ किलोमीटरची लॉयगावेगूर नावाची पायवाट आहे. तिला जोडून दोन हिमनद्यांमधली फिम्वोर्दुहाल्स नावाची खिंड ओलांडून समुद्राजवळच्या स्कोगार गावात उतरलं की आणखी सुमारे २५ किलोमीटर. एवढाच एक पट्टा, पण पायी. बाकीचं बेट राहिलं तर राहिलं.

"नॉर्दर्न लाइट्स?" वहिनींनी विचारलं. जुलैत त्या अक्षांशावर रात्री अंधारच होत नाही, मग ते दिसणार कुठून! आणि ते दिसतात त्यातला बहुतेक काळ आतल्या पठारावरचे रस्ते बर्फाखाली बंद असतात. जुलैच्या खेपेत दोन्ही जमत नाही. हे एकदा मान्य केलं की बाकीचं नियोजन सोपं होतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा. आइसलंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. दादाचा मुलगा सोहम कोपनहेगनला शिकतो, म्हणून आम्ही त्याच वाटेने गेलो. भारतातून थेट विमान नाहीच. लंडनमार्गे गेलं तर ब्रिटनच्या ट्रान्झिट नियमांचा वेगळा ससेमिरा मागे लागतो, तो टाळला.

नियोजनातली सगळ्यात भांडणाची गोष्ट होती 'रिकामा दिवस'. मी थोर्समोर्कला एक दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवायचा म्हणत होते. दादाचं म्हणणं, तिथल्या महागाईत एक अख्खा दिवस बसून घालवायचा म्हणजे चैन आहे. शेवटी वहिनींनी निकाल दिला: "ताईंचं ऐका. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर अडकलो होतो तेव्हा तुम्हीच म्हणत होतात, एक दिवस हातचा हवा होता."

पहिला दिवस : रेक्याविक

केफ्लाविक विमानतळावरून शहर पन्नासेक किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना काळा, वेडावाकडा लाव्हा आणि त्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड दुलई. याच द्वीपकल्पावर २०२१ पासून पुन्हा उद्रेक सुरू झाले आहेत. त्याआधी जवळजवळ ८०० वर्षं इथे शांतता होती. ग्रिन्दाविक हे मच्छीमारांचं गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामं करावं लागलं. बसमधून पाहताना यातलं काही कळत नाही. रस्ता गुळगुळीत, बसमध्ये वायफाय.

रेक्याविकमध्ये मी एकच इमारत नीट पाहिली, हाल्ग्रीम्सकिर्क्या हे चर्च. साडेचौऱ्याहत्तर मीटर उंच, आणि दर्शनी भाग बेसॉल्टच्या षट्कोनी खांबांसारखा दोन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेला. वास्तुकार ग्वुद्योन साम्युएल्सन १९५० मध्ये गेले आणि चर्च पूर्ण व्हायला १९८६ उजाडलं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला ते खांब ओळखीचे वाटतात. जाड लाव्हा सावकाश थंड होऊन आकसला की त्याला अशा भेगा जातात. तिथे त्या आकाराचं चर्च झालं, आपल्याकडे त्याच्या पायथ्याशी वस्ती चढली.

संध्याकाळी सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर गेलो. इथली बहुतेक घरं आणि तलाव जमिनीतल्या गरम पाण्यावर चालतात. पाण्यात क्लोरीन कमी घालतात, म्हणून उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने स्वच्छ आंघोळ करणं सक्तीचं, तीही सामायिक न्हाणीघरात. शरीराचा कोणता भाग कसा धुवायचा याचं चित्रच भिंतीवर लावलेलं असतं. वहिनी दारातच थबकल्या. मग शेजारी ऐंशीच्या घरातल्या दोन आजी निवांत गप्पा मारत अंग चोळताना पाहून म्हणाल्या, "चला, इथे आपल्याकडे बघायला कुणाला वेळ आहे!" गरम कुंडात बसल्यावर मात्र त्यांना उठवणं कठीण गेलं.

रात्री शेवटची खरेदी. गुलाबी डुकराचं चिन्ह असलेलं दुकान त्यातल्या त्यात स्वस्त. ब्रेड, चीज, स्क्यीर नावाचं घट्ट चक्क्यासारखं दही. निवाऱ्यांमध्ये गॅस आणि भांडी असतात, त्यामुळे स्टोव्ह न्यायची गरज नव्हती. पुण्याहून आणलेलं भाजणीचं पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू चौघांच्या सॅकमध्ये वाटले. सॅक उचलून दादा म्हणाला, "लाडू पहिल्या दिवशी संपवायचे."

दुसरा दिवस : पठारावर

उंच चाकांच्या बसने लांडमान्नालॉयगारला जायला चार तास लागले. डांबर संपतं तिथून खरा देश सुरू होतो. आतल्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असतं. त्यावर फक्त चारही चाकांना जोर असलेली गाडी चालवायला कायद्याने परवानगी आहे, आणि नद्यांवर पूल असेलच असं नाही. रस्ता सोडून शेवाळावर चाक घालणाऱ्याला जबर दंड होतो. चाकोरी एकदा उमटली की भरून यायला कित्येक दशकं लागतात.

वाटेत ढगांची टोपी घातलेला हेक्ला दिसला. मध्ययुगात युरोपभर लोक त्याला नरकाचं दार समजत. शेवटचा उद्रेक २००० सालच्या फेब्रुवारीत झाला.

लांडमान्नालॉयगार सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे नजर ठरत नाही. पिवळे, गुलाबी, विटकरी, मधेच निळसर-हिरवे डोंगर, आणि त्यांच्या कुशीत १४७७ च्या उद्रेकातला काळाकुट्ट लाव्हा येऊन थांबलेला. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे पातळ, लांब वाहणाऱ्या लाव्ह्याचा. इथला खडक ऱ्हायोलाइट आहे. त्यात सिलिका जास्त, म्हणून तो काकवीसारखा घट्ट, फार दूर न जाता जागीच साठतो. खालून येणारी गरम वाफ आणि गंधक त्याला शेकडो वर्षं शिजवत राहतात, त्यातल्या लोहाला गंज चढतो आणि हे रंग येतात. हाच घट्ट लाव्हा भरकन थंड झाला की काचेसारखा काळा ऑब्सिडियन होतो. वाटेत त्याचे डोक्याएवढे तुकडे पडलेले होते. उचलून न्यायला मनाई आहे. सोहमने तरी एक हातात घेऊन उन्हात धरला, कडेने तपकिरी काचेसारखा उजेड आरपार आला, मग निमूटपणे ठेवून दिला.

निवाऱ्याजवळ एक ओढा आहे. त्यात लाव्ह्याखालून येणारं कढत पाणी आणि गार पाणी एकत्र होतं. रात्री दहा वाजता लख्ख उजेडात आम्ही त्यात गळ्यापर्यंत बसलो होतो. जास्त गरम हवं असेल तर लाव्ह्याकडे सरकायचं, थंड हवं तर उलटीकडे.

तिथे एका गाडीजवळ लाल-निळ्या जॅकेटमधली माणसं भेटली. बचाव पथकाचे स्वयंसेवक, उन्हाळ्यात आळीपाळीने पठारावर तैनात असतात. या देशाला सैन्य नाही. डोंगरात कुणी अडकलं तर दुकानदार, सुतार, शिक्षक अशी माणसं हातातलं काम टाकून निघतात, पगाराशिवाय. पैसे कुठून येतात असं दादाने विचारलं. त्यातला एक जण हसून म्हणाला, फटाक्यांतून. नववर्षाच्या आदल्या रात्री देशभर जे फटाके उडतात त्यांची विक्री मुख्यतः हीच पथकं करतात. फटाक्यांविषयी दादाची मतं कडक आहेत, पण त्या रात्री तो त्यावर काही बोलला नाही.

आम्ही आमचा सगळा कार्यक्रम, कोणत्या रात्री कुठे, सुरक्षित प्रवासाच्या त्यांच्या सरकारमान्य संकेतस्थळावर आधीच नोंदवला होता. आपत्कालीन क्रमांक ११२. पठारावर नेटवर्क सगळीकडे नाही, म्हणून ही नोंद खरंच उपयोगाची.

तिसरा दिवस : ह्राफ्नतिन्नुस्केर

अंतर १२ किलोमीटर, चढ साडेचारशे मीटरचा. कागदावर राजगडापेक्षा सोपं. लाव्ह्याच्या पट्ट्यातून वाट ब्रेन्निस्टेन्साल्दा नावाच्या डोंगराखाली जाते. तिथे जमीन फुसफुसत असते, सडक्या अंड्यांचा वास, वाटेच्या दोन हातांवर उकळता चिखल. वर पोचलो आणि धुकं आलं. मग बर्फ. जुलैचा दुसरा आठवडा, आणि आम्ही घोट्यापर्यंत बर्फात. दर थोड्या अंतरावर रोवलेले लाकडी खांब हीच वाट. एक खांब दिसेनासा झाला की थांबायचं, दुसरा दिसला की निघायचं. सह्याद्रीत पाऊस वरून पडतो, इथे तो बाजूने येतो. छत्रीचा तर प्रश्नच नाही, नुसती वरची जॅकेटही कामाची नाही, पावसाळी पॅन्टशिवाय गत्यंतर नाही.

निवाऱ्याच्या अलीकडे किलोमीटरभरावर दगडांची एक रास आणि स्मृतिफलक आहे. २००४ च्या जूनअखेर एक तरुण इस्रायली पदयात्री इथे बर्फाच्या वादळात गेला, निवारा इतका जवळ असताना. फलकाशी थांबलो तेव्हा आम्हालाही निवारा दिसत नव्हता. सोहम एरवी सगळ्यांच्या पुढे पळतो. तिथून तो वहिनींच्या मागे राहून चालला, कुणी सांगितलं नव्हतं.

निवारा हजार मीटरच्या थोडा वर आहे, जमिनीतल्या वाफेने गरम ठेवलेला. ओल्या मोज्यांची रांग, आठ भाषांमधला गलका, आणि एकाच टेबलावर इटालियन पास्ता, जर्मन सूप, आमचं मेतकूट-भात. शेजारच्या चेक मुलीने मेतकूट चाखून आणखी मागितलं. बाहेर तंबूवाल्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून दगडांच्या गोल भिंती रचल्या होत्या. त्यांच्याकडे बघून बुकिंगच्या धडपडीचं सार्थक झालं. कचरापेटी कुठेच नाही. आपला कचरा शेवटपर्यंत आपल्याच सॅकमध्ये.

चौथा दिवस : आल्फ्तावात्न

सकाळी आभाळ फाटलं आणि दरीपलीकडे एकदम हिरवं दिसलं. पठाराच्या कडेवरून समोर हिरव्या सुळक्यांची रांग, मधे आल्फ्तावात्नचं तळं, मागे मीर्दाल्सयोकुत्ल हिमनदीची पांढरी टोपी. तिथून खाली उतरणारी वाट म्हणजे निव्वळ घसारा. या बाबतीत सह्याद्रीवाल्यांना शिकवायला लागत नाही. टाच रोवून, वजन मागे न टाकता आम्ही खाली आलो, आणि महागडे बूट घातलेले काही जण बसून घसरत होते. दादाने ती संधी साधून दोन तरुणांना मराठीत सूचना दिल्या. त्यांना त्या कळल्याही असाव्यात.

खाली पहिली नदी. गुडघाभर पाणी, पण बर्फातून आताच निघालेलं. पलीकडे पोचेपर्यंत पाय आहेत की नाहीत हे समजेना.

तळ्याकाठच्या निवाऱ्यात लवकर पोचलो, नाणी टाकून गरम पाण्याने आंघोळ केली, झोपलो.

पाचवा दिवस : एम्स्त्रूर

या दिवशी सगळ्यात कमी दृश्य आणि सगळ्यात जास्त डोकं लागलं. आधी ओढा, मग पूल असलेली एक नदी, आणि मग ब्लाउफ्यात्लाक्वीस्ल. हिमनदीतून येणाऱ्या नद्यांचा नियम साधा आहे: ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढतं. म्हणून आम्ही सहालाच निघालो. पार करायची जागा अरुंद नको, तिथे पाणी खोल आणि जोरात असतं. नदी पसरून तिचे चार-पाच फाटे होतात तिथे शिरायचं. सॅकचा कंबरपट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर ती टाकून देता येते. बूट काढून सँडल चढवायची, अनवाणी नाही. हातात हात घालून, थोडं प्रवाहाच्या दिशेने तिरकं जायचं. आपल्याकडे पावसाळ्यात ओढे ओलांडताना पाणी गढूळ असतं, इथेही दुधाळ-राखाडी, तळ दिसत नाही. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ त्यात असतं.

मधोमध पाणी मांडीपर्यंत आलं. वहिनींनी दोन्ही हातांनी आम्हा दोघांना आवळून धरलं होतं आणि मोठ्याने रामरक्षा चालू होती. पलीकडच्या काठावर एक फ्रेंच जोडपं आदराने उभं राहून ऐकत होतं.

त्यानंतर मैलोन्‌मैल काळी वाळू. झाड नाही, गवत नाही, पक्षीसुद्धा क्वचित. वाळवंट म्हटलं की पाऊस नसतो अशी आपली समजूत, इथे पाऊस भरपूर. पण राख आणि वाळू इतकी सच्छिद्र की पाणी वर टिकतच नाही. त्यात माणसाचाही हात आहे. नवव्या शतकात नॉर्वेकडून लोक आले तेव्हा या बेटाचा किमान चौथा हिस्सा बर्चच्या झाडीखाली होता असं मानतात. सरपण, कोळसा आणि मेंढ्या यांनी ती संपवली. मोकळी झालेली माती वाऱ्यावर गेली.

चालता चालता सोहमने विचारलं, "आत्या, आपला सह्याद्री पण असाच होता का?" त्याला म्हटलं, याहून कितीतरी मोठा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर बसत गेला. किल्ल्यांच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. आइसलंडचा सगळ्यात जुना खडकसुद्धा दीड-पावणेदोन कोटी वर्षांचाच, आणि बेट अजून मधोमध फाटत चाललंय, वर्षाला दोन सेंटिमीटर.

भेगेतून लाव्हा येणं म्हणजे काय, हे माणसांनी पाहिल्याचं ठळक उदाहरण या पठाराच्या पूर्वेला आहे, लाकी. १७८३ च्या जूनमध्ये २५ किलोमीटरहून लांब भेग फुटली आणि आठ महिने धुमसत राहिली. लाव्ह्याने फार माणसं मारली नाहीत. मारलं ते वायूंनी. गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन मेंढ्या-गुरं गेली आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली. आपल्या दख्खनचे उद्रेक लाकीच्या कित्येक हजार पटींचे होते. पाहायला माणूस नव्हता एवढंच.

संध्याकाळी निवाऱ्यापासून थोडं चालून मार्कारफ्ल्योत नदीची घळ पाहिली. काठ एकदम तुटतो आणि काही ठिकाणी दोनशे मीटर खाली पाण्याची रेघ. सांधण आठवली, पण इथले काठ लाल-काळे आणि माती भुसभुशीत. कडेच्या फार जवळ जायची कुणाची छाती झाली नाही.

सहावा दिवस : थोर्समोर्क

शेवटची नदी थ्रोंगाउ ओलांडली आणि अचानक झाडं. डोक्याहून जेमतेम उंच, वाकडी बर्च, खाली जांभळी फुलं, पाखरांचा आवाज. इतके दिवस खडक पाहिल्यावर पानांचा वासही जाणवतो. हा पट्टा तिन्ही बाजूंनी हिमनद्या आणि नद्यांनी वेढलेला आहे आणि गेली शंभरेक वर्षं मेंढ्यांपासून राखलेला, म्हणून वाचला. चौघांचेही गुडघे कुरकुरत होते. वहिनींनी भाजणीची थालीपिठं लावली, दह्याऐवजी स्क्यीर. याहून जास्त काही सांगण्यासारखं त्या दिवशी घडलं नाही.

सातवा दिवस : रिकामा

सकाळी निवाऱ्याच्या राखणदारीणबाईंनी फळ्यावर लिहिलं: खिंडीत वारा २५ मीटर. इथे वारा सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. सोहमने गुणाकार केला, ताशी ९० किलोमीटर. त्यात वरून पाऊस. बाईंनी जाऊ नका असं म्हटलं नाही. फक्त विचारलं, "तुमच्याकडे उद्याचा दिवस आहे का?" आहे म्हटल्यावर त्या कॉफी ओतायला वळल्या. माझ्याकडे बघून वहिनी गालातल्या गालात हसल्या. दादाने वर्तमानपत्र नसल्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचायला घेतला.

दुपारी पाऊस थांबल्यावर जवळच्या वालाह्नूकूरवर, जेमतेम साडेचारशे मीटरचं टेकाड, चढून आलो. खाली क्रॉसाउ नदीचं रुंद पात्र. या नदीने कितीतरी भाड्याच्या जीप गिळल्या आहेत. प्रवाह रोज जागा बदलतो, काल उथळ होतं ते आज नाही. बसचा चालकसुद्धा काठावर थांबून, पाण्याचा रंग आणि लाटा बघून मग गाडी घालतो. आम्ही वरून पाहत असताना एक जीप काठापर्यंत आली, थांबली, आणि शहाणपणाने मागे फिरली. दादाने टाळ्या वाजवल्या.

निवाऱ्याच्या भिंतीवर कात्लाविषयी सूचना लावलेली होती. मीर्दाल्सयोकुत्लच्या बर्फाखाली हा ज्वालामुखी आहे. शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. तो फुटला तर बर्फ वितळून पुराचा लोंढा येईल, तेव्हा नदीपात्र सोडून उंचावर चढायचं. दादाने सूचना दोनदा वाचली आणि झोपण्याआधी बूट दाराजवळ न ठेवता बंकखाली ठेवले.

आठवा दिवस : फिम्वोर्दुहाल्स

वारा पडला होता. वहिनी आणि दादा बसने वळसा घालून स्कोगारला येणार हे आधीपासून ठरलं होतं, कारण एकाच दिवसात २५ किलोमीटर आणि हजार मीटरच्या आसपास चढ. मी आणि सोहम पाचला निघालो.

चढ सुरुवातीलाच अंगावर येतो. काट्टारह्रिग्गीर नावाची धार, दोन्ही बाजूंना हिरवी दरी, वाट एक पाऊल रुंद. तिच्यावरून वाकून चालताना रतनगडाची आठवण झाली. मग सपाट पठार, पुन्हा अरुंद कण्यासारखी धार, हाताला साखळी. आणि वर पोचलो की जमीन एकदम लाल-काळी, भाजलेल्या विटांच्या भट्टीतून चालल्यासारखी.

माग्नी आणि मोउदी. २० मार्च २०१० च्या रात्री इथे भेग फुटली. आधी इथे डोंगरच नव्हते, काही आठवड्यांत हे दोन शंकू उभे राहिले. नॉर्स पुराणातल्या 'थोर' नावाच्या देवाच्या मुलांची नावं त्यांना दिली. १२ एप्रिलला हा उद्रेक थांबला आणि दोनच दिवसांत शेजारच्या एयाफ्यात्लायोकुत्लच्या बर्फाखाली दुसरा सुरू झाला, जगाला माहीत आहे तो. इथला लाव्हा पातळ, निरुपद्रवी, लोक बघायला यायचे. तिथला मॅग्मा जास्त घट्ट, वायू कोंडलेला, आणि त्यावर बर्फाचं पाणी. त्याने त्याची बारीक काचेची पूड झाली आणि वाऱ्यांनी ती थेट युरोपवर नेली. विमानाच्या इंजिनात ती वितळून चिकटते, म्हणून जवळजवळ आठवडाभर युरोपचं आकाश बंद राहिलं, सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. मुंबईहून युरोपला जाणारी विमानंही थांबली होती. सोहम तेव्हा बालवाडीत असेल. त्याने माग्नीच्या माथ्यावर बसून डबा उघडला आणि म्हणाला, "हा डोंगर माझ्यापेक्षा लहान आहे." मला हसू आलं, पण हिशोब बरोबर होता.

मी मोजा काढून तळवा खडकावर टेकवला. गार लागला. उद्रेकानंतर काही वर्षं इथे दगडाखाली हात घातला तर चटका बसायचा असं ऐकलं होतं. आमच्या वेळेपर्यंत तो निवला होता.

उतार मोठा आहे, पण शेवटचा अर्धा रस्ता स्कोगाउ नदीच्या काठाने जातो आणि दर दहा मिनिटांना एक धबधबा. पाचव्या-सहाव्यानंतर फोटो काढणं सोडलं. सगळ्यात शेवटचा स्कोगाफॉस, ६० मीटर उंच. आम्ही त्याच्या माथ्यावरून आलो आणि शेकडो पायऱ्या खाली उतरलो. खाली वाहनतळ, बसगाड्या, ड्रोन, आणि रिंग रोडवरून वीस मिनिटांसाठी उतरलेली माणसं. त्या गर्दीत वहिनी हातात गरम चहाचे दोन कागदी पेले घेऊन उभ्या होत्या. चहा म्हणजे पाण्यात बुडवलेली पिशवी, तोही इतक्या क्रोनांना की दादाने पावती जपून ठेवली.

परतीचा दिवस

रेक्याविकला पुन्हा तलावावर गेलो. या वेळी वहिनी सगळ्यांच्या आधी आत. मी आणि दादा कुंडात बसून पुढच्या खेपेचा नकाशा बोलत होतो: पूर्वेकडच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या लांब, अरुंद खाड्यांच्या भागात, तेइगारहोर्न आहे, तिथे लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या झिओलाइट खनिजांचे स्फटिक सापडतात. पुणे-नाशिककडच्या खाणींत त्याच कुळातलं जे स्टिल्बाइट मिळतं तेच. दादाच्या कपाटात वाघोलीचे दोन तुकडे आहेत, त्यांना शेजारी ठेवायचे म्हणाला. तिथलेही उचलू देत नाहीत हे मी त्याला सांगितलं. मग निदान बघून येऊ, असं ठरलं. निवाऱ्यांचं बुकिंग त्या बाजूला वेगळं आहे, ते सोहम बघणार आहे.